सौदीसाठी विवाहाचा व जन्माचा दाखला: अपॉस्टिल पुरते की वकिलातीचा शिक्काही लागतो?

प्रश्न
खाडीपलीकडचा, गुहागर तालुका

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ सौदी अरेबियात दम्माम येथे एका बांधकाम कंपनीत पर्यवेक्षक आहे आणि पत्नी व दीड वर्षाची मुलगी यांना तिकडे नेण्याची त्याची इच्छा आहे. कंपनीच्या कार्यालयाने विवाहाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि भावाचे पदवी प्रमाणपत्र, ही तिन्ही कागदपत्रे भारतातून साक्षांकित करून मागितली आहेत. येथील सर्व धावपळ माझ्याकडे आहे आणि विचारावे तो वेगळी वाट सांगतो, म्हणून येथे लिहीत आहे.

आमचे चुलते अनेक वर्षे जेद्दाला होते. त्यांच्या म्हणण्यानुसार कागद आधी मंत्रालयात, मग दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात आणि शेवटी सौदी वकिलातीत जाऊन आल्याशिवाय तिकडे त्याला कोणी हातही लावत नाही. चिपळूणमधील एक एजंट सांगतो की आता केवळ अपॉस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचे एक प्रमाणपत्र, पुरते. दुसरा एजंट अपॉस्टिल आणि वकिलात अशा दोन्हींचे पैसे धरून आकडा सांगतो, आणि तो आकडा ऐकून घरातील सर्वजण गप्प झाले आहेत.

कागदपत्रांची सद्यःस्थिती अशी आहे. विवाहाचा पुरावा म्हणून आमच्याकडे जमातीच्या काझींनी दिलेला उर्दू निकाहनामा आहे. सरकारी नोंदणी झालेली नाही. मुलीचा जन्म चिपळूणच्या एका खासगी रुग्णालयात झाला, परंतु आमच्या ग्रामपंचायतीत तिची नोंद सापडत नाही. भावाची पदवी मुंबई विद्यापीठाची असून वडिलांनी ती कौतुकाने लॅमिनेट करून ठेवलेली आहे. याशिवाय वडिलोपार्जित कलमांच्या बागेची वाटणी होऊ घातली आहे आणि त्यासाठी भावाला माझ्या नावे मुखत्यारपत्र करून द्यायचे आहे. तो दोन महिन्यांनी सुट्टीवर येणार आहे. कोणते काम तो येण्यापूर्वी उरकावे आणि कोणते त्याच्यासाठी थांबवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


उत्तर १
वकील, रत्नागिरी

आपल्या चुलत्यांनी सांगितलेली वाट त्यांच्या काळात तीच होती. परदेशी सार्वजनिक दस्तऐवजांना वकिलातीच्या साक्षांकनाची अट नसावी, यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्या साक्षांकनाऐवजी अपॉस्टिल हे एकच प्रमाणपत्र आले. भारतासाठी तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. सौदी अरेबियासाठी मात्र तो ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यामुळे त्या तारखेपूर्वी सौदीला गेलेल्या प्रत्येकाने वकिलातीचा शिक्का घेतलेला असणार आणि त्यानंतर जाणाऱ्याला अपॉस्टिल पुरते. दुसऱ्या एजंटाने सांगितलेल्या रकमेतील वकिलातीचा भाग कशासाठी आहे, हे त्याला लेखी विचारावे.

आखाती देश म्हणजे एकच पद्धत, असे समजू नये. ओमानला हा करार २०१२ पासून आणि बहरीनला २०१३ च्या अखेरीपासून लागू आहे, तर संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हे देश अद्याप कराराच्या बाहेर आहेत. म्हणजे एकाच वाडीत मस्कतवाला, कुवेतवाला आणि दम्मामवाला असे तिघे शेजारी असतील, तर तिघांचे अनुभव खरे असूनही एकाचा सल्ला दुसऱ्याच्या कामाचा नसतो. आपल्याकडे गोंधळ होतो तो बहुतेक येथेच, कारण ‘तिकडे’ या एका शब्दात आपण साऱ्या आखाताला गुंडाळतो. दुबई, दोहा किंवा कुवेतसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का आणि तिकडे पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, ही जुनी साखळी आजही पूर्ण करावी लागते.

आता अपॉस्टिलमध्ये प्रत्यक्ष काय असते, ते पाहून घ्यावे. करारानुसार हे किमान नऊ सेंटिमीटर बाजूचे चौकोनी प्रमाणपत्र असते, ज्याचे शीर्षक सर्व देशांत फ्रेंच भाषेतच छापतात. आपल्याकडे ते संगणकावर छापलेल्या स्टिकरच्या रूपात दस्तऐवजाच्या मागील बाजूस चिकटवले जाते. त्यावर क्रमांक घातलेल्या दहा ओळी असतात: देश कोणता, दस्तऐवजावर सही कोणाची, ती कोणत्या हुद्द्याने केलेली, शिक्का कोणत्या कार्यालयाचा, आणि त्यानंतर हे प्रमाणपत्र कोठे, कधी, कोणी व कोणत्या क्रमांकाने दिले, शेवटी शिक्का व सही. या दहा ओळींत दस्तऐवजातील मजकूर खरा आहे, असे सांगणारी एकही ओळ नाही. सही, हुद्दा आणि शिक्का एवढ्याचीच ती हमी आहे. जन्मदाखल्यात आईचे नाव चुकलेले असेल, तर त्या चुकलेल्या नावासह दाखल्याला अपॉस्टिल मिळते, आणि चूक लक्षात येते ती दम्मामच्या खिडकीवर.

म्हणूनच आपला मूळ प्रश्न ‘कोणता शिक्का’ हा असला, तरी आपली खरी अडचण त्याच्या अलीकडची आहे. आपल्या तीन कागदांपैकी एक सार्वजनिक दस्तऐवज नाही, एक अद्याप हातात नाही आणि एक प्लास्टिकमध्ये बंद आहे. त्यांच्याकडे त्याच क्रमाने पाहू.

निकाहनामा धार्मिक व कौटुंबिक दृष्ट्या कितीही महत्त्वाचा असला, तरी काझींची सही ही शासकीय अधिकाऱ्याची सही नव्हे. त्यामुळे थेट त्यावर अपॉस्टिल घेण्याचा विचार सोडून द्यावा. भटजींनी दिलेल्या विवाहाच्या दाखल्याचीही हीच स्थिती असते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद करता येते आणि गावात हे काम विवाह निबंधक या नात्याने ग्रामसेवक करतात, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पती, पत्नी आणि साक्षीदार यांना त्यांच्यासमोर उपस्थित राहावे लागत असल्याने हे काम भाऊ आल्याशिवाय होणार नाही. तोपर्यंत निकाहनाम्याचे मराठी भाषांतर, दोघांचे वयाचे व रहिवासाचे पुरावे, लग्नातील छायाचित्र आणि साक्षीदारांची ओळखपत्रे तयार ठेवा, म्हणजे सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात नोंदणी होईल.

जन्माची नोंद जन्म जेथे झाला त्या ठिकाणी होते, आईवडिलांच्या गावी नव्हे. मुलगी चिपळूण शहरातील रुग्णालयात जन्मली असल्यास तिची नोंद चिपळूण नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात असणार. आपली ग्रामपंचायत ‘सापडत नाही’ म्हणते ते योग्यच आहे. हा दाखला आपण आजच मागू शकता.

पदवीबाबत लॅमिनेशन ही खरी अडचण आहे, कारण प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही आणि स्टिकरही त्यावर लावत नाहीत. घरी इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवण्याचे प्रयोग करू नयेत. शाई आणि कुलगुरूंची सही प्लास्टिकबरोबर निघून येते. मुद्रणाचे काम करणारा एखादा अनुभवी माणूस कडा कापून ते सोडवू शकला तर उत्तम, अन्यथा विद्यापीठाकडे दुय्यम प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून या कामाला सर्वांत आधी हात घालावा.

यानंतरची साखळी अशी आहे. वैयक्तिक दस्तऐवज राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागातील नियुक्त अधिकाऱ्याकडून आणि शैक्षणिक दस्तऐवज राज्याच्या शिक्षण विभागाकडील नियुक्त अधिकाऱ्याकडून प्रथम साक्षांकित होतात. आपल्यासाठी हे मुंबईत मंत्रालयाच्या पातळीवर होते. मग परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल देते. त्याचे शासकीय शुल्क प्रत्येक दस्तऐवजाला ५० रुपये असून त्यावर अधिकृत संकलन केंद्राचा ठरलेला सेवाआकार असतो. परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून अर्जदाराकडून थेट कागद स्वीकारत नाही, परंतु जानेवारी २०१९ पासून मुंबईसह देशातील पंधरा शहरांत ही सोय झाल्यामुळे कागद दिल्लीला पाठवण्याचे कारण उरलेले नाही. ‘दिल्लीचा माणूस’ म्हणून जो वेगळा खर्च सांगितला जातो, त्याचा हिशेब मागण्यास संकोच करू नका.


उत्तर २
जन्म-मृत्यू नोंदणीतून निवृत्त, दापोली

वकीलसाहेबांनी साखळी व्यवस्थित सांगितली आहे. मी केवळ जन्मदाखल्याविषयी लिहितो, कारण माझी नोकरी त्या नोंदवह्यांतच गेली.

चिपळूणला जाताना रुग्णालयातून मिळालेला कागद, आईचे व वडिलांचे पारपत्र आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे. दाखला हातात पडल्यावर तेथेच उभे राहून तो अक्षरशः वाचावा. बाळाचे नाव त्यात आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. रुग्णालयाकडून माहिती गेली तेव्हा नाव ठरलेले नसते आणि अनेक दाखल्यांत त्या रकान्यात नुसती रेघ असते. नाव घालण्याची सोय कायद्यात आहे: बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आपली पुतणी दीड वर्षाची आहे, म्हणजे शुल्क लागेल, पण काम होईल.

त्यानंतर आईचे नाव पाहावे. आपल्याकडे प्रसूतीसाठी मुलगी माहेरी येते आणि रुग्णालयाच्या कागदावर माहेरचे आडनाव लागते, किंवा याच्या उलट पारपत्र माहेरच्या नावाचे असून दाखला सासरच्या नावाचा निघतो. मराठीतील नाव आणि इंग्रजीतील वर्णरचना या दोन्ही पारपत्राशी ताडून पाहाव्यात. एका अक्षराचा फरक आपल्या कार्यालयात कोणी मनावर घेत नाही; परदेशातील संगणकात मात्र तो माणूस वेगळा ठरतो.

आणखी एक सूचना करतो. जन्माच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती हव्या तितक्या मिळतात, पदवीचे तसे नसते. दाखल्याच्या निदान दोन मूळ प्रती घ्याव्यात, एक अपॉस्टिलसाठी आणि एक घरी. घरात पूर्वीची हस्तलिखित प्रत असली तरी सध्याच्या संगणकीय प्रणालीतून निघणारी, क्यूआर संकेत असलेली नवी प्रत घ्यावी. पुढील कार्यालयाला सहीची खातरजमा करायची असते, आणि कधीच बदली होऊन गेलेल्या निबंधकाच्या सहीपेक्षा आजच्या नोंदीशी जुळणारी प्रत त्यांना सोपी जाते.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
खाडीपलीकडचा, गुहागर तालुका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चिपळूणला जाऊन दाखला घेतला. नाव आहे, जन्मतारीख बरोबर आहे, परंतु आपण बजावले होते ते खरे निघाले. माझ्या भावजयीच्या पारपत्रावर तिचे माहेरचे पूर्ण नाव आहे आणि मुलीच्या दाखल्यात ‘आईचे नाव’ या ठिकाणी सासरचे नाव आहे, तेही इंग्रजीत एक अक्षर कमी. पहिला एजंट म्हणतो की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून दाखल्याला जोडले की झाले. हे पुरेसे आहे का?


उत्तर ३
प्रवासी कागदपत्रांची कामे, चिपळूण

मी हेच काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एजंट म्हटला की लुबाडणारा, असा सूर येथे लागतो आहे, तो सर्वस्वी न्याय्य नाही. मंत्रालयात रांग लावायची, त्रुटी निघाली की परत गुहागरला यायचे आणि पुन्हा कोकणकन्या धरायची, हे नोकरी सांभाळून सर्वांना जमत नाही. आमचा सेवाआकार त्या फेऱ्यांचा असतो. प्रतिज्ञापत्राविषयी सांगायचे तर ‘एकच व्यक्ती’ असल्याचे प्रतिज्ञापत्र अपॉस्टिल करून अनेकांची कामे झालेली आहेत, आणि दुरुस्तीच्या मागे लागून सुट्टी संपल्याचीही उदाहरणे आहेत.


उत्तर ४
जन्म-मृत्यू नोंदणीतून निवृत्त, दापोली

वरील बंधूंच्या मेहनतीविषयी मला आदर आहे, परंतु प्रतिज्ञापत्राच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. प्रतिज्ञापत्र म्हणजे आपण स्वतःविषयी शपथेवर केलेले विधान. त्याला अपॉस्टिल मिळाले, तरी त्यावरून नोटरीची सही खरी आहे इतकेच सिद्ध होते. समोरच्या अधिकाऱ्याने आपले विधान मान्य करावे, असे त्यावर कोणतेही बंधन येत नाही. ज्यांची कामे झाली, त्यांना समोरचा अधिकारी समजूतदार भेटला. एका कुटुंबाचा व्हिसा अशा भरवशावर सोडू नये.

शिवाय नोंदवहीतील चूक दुरुस्त करण्याचा मार्ग तितका अवघडही नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ नुसार, नोंद आशयात किंवा स्वरूपात चुकलेली आहे याची खात्री पटल्यास निबंधकाला ती दुरुस्त करता येते. जुनी नोंद खोडली जात नाही. तिच्या समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही करतो व दिनांक घालतो, आणि त्यानंतर दिल्या जाणाऱ्या प्रमाणित प्रतीत ती दुरुस्ती येते. सुटलेले इंग्रजी अक्षर ही उघड लेखनचूक आहे. आईचे पारपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडून अर्ज केला, तर त्यात खळखळ होण्याचे कारण नाही.

सासरचे आणि माहेरचे नाव ही गोष्ट निराळी आहे, कारण ती चूक नव्हे. दोन्ही नावे खरी आहेत आणि त्यांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. म्हणून विवाह नोंदवताना वधूचे विवाहापूर्वीचे पूर्ण नाव, पारपत्रात आहे अगदी तसेच, अर्जात लिहावे आणि प्रमाणपत्रावर ते आल्याची खात्री करून घ्यावी. मग प्रतिज्ञापत्राची आवश्यकताच राहत नाही. अपॉस्टिल असलेले विवाह प्रमाणपत्रच ते काम करते. भावजयीच्या पारपत्रात पतीचे नाव जोडून घेता आले तर उत्तमच, परंतु ते हाती घेतल्यास नव्या पारपत्रावरील नाव आणि विवाह प्रमाणपत्रावरील नाव पुन्हा ताडून पाहावे लागेल, हे लक्षात असू द्यावे.


उत्तर ५
परिचारिका, सावंतवाडी

या चर्चेत थोडी वेगळी भर घालते, कारण आमच्या भागातील अनेक मुली सध्या परिचारिका म्हणून जर्मनीला जाण्याच्या तयारीत आहेत आणि भाषावर्गात प्रवेश घेतल्यावर पहिल्याच महिन्यात ‘सर्व कागद अपॉस्टिल करून ठेवा’ असे त्यांना सांगितले जाते. जर्मनी या कराराचा सदस्य असला, तरी भारताच्या सहभागावर त्या देशाने आक्षेप नोंदवलेला असल्याने भारत आणि जर्मनी यांच्यात हा करार लागू होत नाही. जर्मनीतील ज्या कार्यालयाला आपली पदवी किंवा जन्मदाखला हवा आहे, त्याने ठरवलेल्या रीतीने पडताळणी करून घ्यावी लागते. माझ्या एका मैत्रिणीने पाच कागदांवर खर्च केला आणि त्यांतील एकाचाही तिकडे उपयोग झाला नाही. तेव्हा देश सदस्य आहे का, एवढे पाहून थांबू नये; आपल्या देशाशी त्याचा करार लागू आहे का, हेही पाहावे. हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावर सदस्य देशांच्या तक्त्यात आक्षेपांची नोंद दिलेली असते.

ओमानला जाणाऱ्यांसाठी मात्र अपॉस्टिल चालते. नर्सिंगची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आणि नोंदणी मुंबईच्या परिचर्या परिषदेची असते, म्हणजे दोन वेगळ्या संस्थांच्या सह्या. त्यामुळे दोन्ही कागद स्वतंत्रपणे साखळीतून न्यावे लागतात. ज्यांना दहावी-बारावीची गुणपत्रकेही द्यायची आहेत, त्यांनी आपली परीक्षा कोणत्या मंडळाकडे झाली ते पाहावे. रत्नागिरीचे कोकण विभागीय मंडळ स्थापन होण्यापूर्वी आपली गुणपत्रके कोल्हापूर विभागाकडून येत असत, म्हणून जुन्या गुणपत्रकाच्या पडताळणीसाठी रत्नागिरीला जाण्यापूर्वी त्यावरील विभागाचे नाव वाचावे.


उत्तर ६
वकील, रत्नागिरी

परिचारिका ताईंनी जर्मनीविषयी दिलेली माहिती महत्त्वाची आहे. हा प्रश्न माझ्याकडेही वारंवार येतो.

मूळ प्रश्नकर्त्यांच्या मुखत्यारपत्राविषयी आता लिहितो. येथे दिशा उलटी आहे, कारण कागद परदेशात होऊन भारतात वापरायचा आहे. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ नुसार, दस्त नोंदणीसाठी वापरायचे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती भारतात राहत नसल्यास, ते तेथील नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर करून प्रमाणित करून घ्यावे लागते. दम्माममधील भावासाठी ही सोय रियाधच्या भारतीय दूतावासाकडे आहे. आपल्या दूतावासात प्रमाणित झालेल्या मुखत्यारपत्रावर पुन्हा अपॉस्टिल घेण्याचा प्रश्नच येत नाही. वाणिज्यदूतांनी केलेले दस्तऐवज हेगच्या करारातून मुळातच वगळलेले आहेत. तरीही ‘याच्यावर दिल्लीचा शिक्का नाही’ म्हणून असा कागद परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. तेव्हा शांतपणे कलम ३३ दाखवावे.

परदेशात केलेला असा दस्त महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातील कलम १८ त्यासाठी आहे. कागद कुरिअरने आला असेल, तर त्याचे पाकीट दिनांकासह जपून ठेवावे, कारण तीन महिने कोठून मोजायचे याचा तोच पुरावा असतो. हे शुल्क रत्नागिरीच्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात भरून दस्तावर त्याचा शेरा घेतला की मगच तो दुय्यम निबंधकांपुढे ठेवावा.

आपला भाऊ दोन महिन्यांत येणारच आहे, तेव्हा वाटणीला तेवढी उसंत असेल तर यातील काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो येथे आल्यावर दुय्यम निबंधकांसमोरच मुखत्यारपत्र करावे. फक्त मसुदा आताच तयार करून त्याला वाचायला पाठवावा. ‘माझ्या सर्व मिळकतीबाबत सर्व अधिकार’ अशी मोघम भाषा टाळून बागेचा गट क्रमांक, त्यातील त्याचा हिस्सा आणि अधिकार नेमका कशासाठी, म्हणजे वाटणीपत्रावर सही करणे, नोंदणीस हजर राहणे आणि फेरफारासाठी अर्ज करणे, हे सातबारा समोर ठेवून लिहावे. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तो दिलेला नाही, असे स्वतंत्र वाक्य घालावे. भावाभावांत विश्वास असला तरी दस्त वाचणारा तिसराच असतो.


उत्तर ७
बागायतदार, देवगड

विषयाला जोडूनच विचारतो. आम्ही काही बागायतदार मिळून यंदा मस्कतला आंबा पाठवण्याचा विचार करत आहोत. तेथील खरेदीदाराने ‘कागद अपॉस्टिल करून पाठवा’ असे सांगितले आहे. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावरही ते घ्यायचे का?


उत्तर ८
वकील, रत्नागिरी

नाही. व्यापार किंवा सीमाशुल्काशी थेट संबंध असलेले प्रशासकीय दस्तऐवज या कराराच्या कक्षेत येत नाहीत. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मालाबरोबर जसे आहे तसेच जाते. खरेदीदाराला बहुधा आपल्या संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र किंवा सही करण्याचे अधिकार देणारा ठराव हवा असावा. अशा व्यापारी कागदांना आधी वाणिज्य मंडळाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, अशी वाट आहे. नेमका कोणता कागद हवा, हे त्यांच्याकडून लेखी मागवून घ्या.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
खाडीपलीकडचा, गुहागर तालुका

सर्वांच्या उत्तरांमुळे पुष्कळसे चित्र स्पष्ट झाले. चिपळूण नगरपरिषदेत दुरुस्तीचा अर्ज दिला आहे आणि पदवीचे प्लास्टिक रत्नागिरीतील एका मुद्रकाने सांभाळून सोडवून दिले. विवाह नोंदणी भाऊ आल्यावर करू. आता दोनच शंका उरतात. अरबी भाषांतर येथे करून त्यावरही अपॉस्टिल घ्यावे का? आणि मूळ पदवी एजंटाच्या हाती देताना कोणती काळजी घ्यावी?


उत्तर ९
प्रवासी कागदपत्रांची कामे, चिपळूण

भाषांतराची घाई करू नका. अपॉस्टिल झाल्यावर भावाने ते सौदीतील परवानाधारक भाषांतर कार्यालयाकडून करून घ्यावे, म्हणजे मागील बाजूच्या स्टिकरचाही मजकूर त्यात येतो. येथे आधी भाषांतर केले, तर तो भाग राहतो आणि तिकडे पुन्हा पैसे मोजावे लागतात.

कागद कोणालाही द्या, मला द्या असे मी म्हणत नाही, परंतु देताना दस्तऐवजाचे नाव, त्यावरील क्रमांक आणि दिनांक लिहिलेली पोच घ्या आणि दोन्ही बाजूंची रंगीत प्रत स्वतःकडे ठेवा. राज्याच्या साक्षांकनासह काम हवे, असे पोचेवरच लिहून घ्या. स्वस्तात करून देणारे काही जण हा टप्पा गाळून दिल्लीतील दंडाधिकाऱ्यांच्या शिक्क्यावर काम भागवतात आणि काही देशांच्या वकिलाती असा कागद स्वीकारत नाहीत. कागद परत आला की स्टिकरवरील क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घालून पाहा. नोंद दिसली नाही, तर उरलेले पैसे देऊ नका. स्टिकर लागल्यावर पदवी पुन्हा लॅमिनेट करू नये, हे वडिलांनाही सांगून ठेवा.